प्रौढ अध्ययनार्थी : वय की पूर्वानुभव?

माल्कम नोल्स यांच्या ‘द मॉडर्न प्रॅक्टिस ऑफ अ‍ॅडल्ट एज्युकेशन’ (१९७०) या ग्रंथाने अमेरिकेतील प्रौढशिक्षणाला सैद्धांतिक बैठक दिली. प्रौढ व्यक्ती स्वयंनिर्देशनाकडे झुकते, हे त्यातील प्रमुख गृहीतक. मूळ उपशीर्षकात बालशिक्षण व प्रौढशिक्षण परस्परविरोधी मानले होते. १९८० च्या आवृत्तीत मात्र एकाकडून दुसऱ्याकडे होणारा प्रवास सूचित केला. ही दुरुस्ती व्यवसायशिक्षण देणाऱ्या अध्यापकांनी गांभीर्याने घ्यावयास हवी. वीस वर्षे दुकान सांभाळलेली विद्यार्थिनी रुग्णाशी संवाद सहज साधते. पण रक्तनमुना घेताना ती नवशिकीच असते. तेथे तिला प्रात्यक्षिक, सराव व तत्काळ दुरुस्ती हवी. अन्यथा स्वायत्ततेच्या नावाखाली अध्यापकाची जबाबदारी टळते व नुकसान विद्यार्थिनीचे होते. म्हणून अध्यापनपद्धती वयावरून नव्हे, तर त्या कौशल्यातील पूर्वानुभवावरून ठरविणे इष्ट होय.