फोव्हेल यांचा ‘पॉलीकीटा’ खंड : एक चिकित्सक पुनर्विचार

प्रस्तावना :
शिरोळ तालुक्यातील विद्यार्थ्याला गांडूळ शेतात भेटते. नेरीस मात्र प्रयोगशाळेतील बाटलीतच पाहावे लागते. कृष्णा-पंचगंगेचे पाणीही कोकणच्या समुद्राला न मिळता बंगालच्या उपसागराकडे जाते. साहजिकच सागरतळाच्या चिखलात राहणाऱ्या बहुरोमी कृमींविषयीचे आपले ज्ञान ग्रंथांवर अवलंबून राहते. म्हणूनच त्या ग्रंथांची चिकित्सा आवश्यक ठरते. या विषयातील आधारग्रंथ म्हणजे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर फोव्हेल यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील १९५३ चा खंड होय.

ग्रंथाचे सामर्थ्य :
कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहाचा फोव्हेल यांचा अभ्यास १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पुढे या खंडात त्यांनी विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या. शीर्षावरील स्पर्शिका, जबडे, परापाद, दृढरोमांचे आकार आणि क्लोम या बाह्य लक्षणांवर त्यांची ओळखसारणी उभी आहे. सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या अभ्यासकाला ती वापरता येते, हे तिचे मोठे श्रेय मानावे लागेल.

मर्यादा :
तथापि फोव्हेल यांची दृष्टी फ्रान्सच्या किनाऱ्यावर घडली होती. तेथील बहुरोमींवर त्यांचे दोन खंड १९२३ व १९२७ मध्ये निघाले होते. परिणामी अनेक भारतीय नमुन्यांना युरोपीय जातींची नावे मिळाली. नेपल्सवरून नाव पडलेली डायोपॅट्रा निओपॉलिटाना हे त्याचे एक उदाहरण. याउलट रोलंड सदर्न यांनी १९२१ मध्ये चिल्का सरोवरातील कृमींचे वर्णन करताना अनेक जाती नव्या मानल्या होत्या.

हा वाद केवळ नावांचा नाही. कॅपिटेला कॅपिटाटा ही जात सेंद्रिय प्रदूषणाची निदर्शक समजली जाते. मात्र १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने दाखवून दिले, की या एका नावाखाली किमान सहा भिन्न जाती दडलेल्या आहेत आणि त्यांचे प्रजननही वेगवेगळ्या प्रकारचे आहे. जुन्या सारणीवरून नाव लावून एखाद्या खाडीच्या प्रकृतीचा निर्णय दिल्यास तो कितपत विश्वसनीय ठरेल, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. कात्रफाज यांच्या १९ व्या शतकातील मांडणीप्रमाणे भटके आणि स्थानबद्ध असे दोन गट फोव्हेल यांनीही स्वीकारले. राहणीवर आधारलेला हा भेद कृत्रिम मानून फाउखाल्ड यांनी १९७७ मध्ये तो बाजूला सारला. परंतु २०११ मध्ये स्ट्रुक व सहकाऱ्यांच्या जनुकीय विश्लेषणाने हे दोन गट पुन्हा पुढे आणले. फरक एवढाच, की गांडुळे व जळवा आता स्थानबद्ध गटाच्या आत गेल्या. अर्थात बहुरोमी, अल्परोमी आणि जळवा हे पाठ्यपुस्तकी त्रिवर्ग वंशवृक्षाशी जुळत नाहीत.

समारोप :
फोव्हेल यांचा खंड टाकून देण्याजोगा नाही; तो अंतिम प्रमाण मानणे तेवढे थांबवले पाहिजे. त्यातील प्रत्येक युरोपीय नाव हे तपासण्याजोगे अनुमान आहे, असे समजून स्थानिक नमुने जतन करणे आणि त्यांची जनुकीय पडताळणी करणे इष्ट होय. शिरोळच्या मळीच्या रानातील गांडूळ आणि कोकणच्या खाडीतील कृमी यांचे नाते त्रिवर्गाच्या कोष्टकात दिसत नाही. ते विद्यार्थ्यांना दाखवणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे.