तीनने भागण्यापूर्वी

धातूवर पोलादी गोळी दाबायची, खळगा मोजायचा आणि कठिणपणाला ३ ने भागायचे. धातू कायमचा लांबू लागतो तो ताण मिळतो! डेव्हिड टेबर यांच्या १९५१ च्या पुस्तकातून आलेला हा नियम अनेकदा एवढाच सांगितला जातो. आमची तक्रार या 'एवढाच'बद्दल आहे.

'६०६१' हा ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू घ्या. 'टी-६' पद्धतीने कठीण केल्यावर त्याचा ब्रिनेल अंक सुमारे ९५, म्हणजे ९३० मेगापास्कल. भागाकार ३१०, प्रत्यक्ष ताणून २७६. चालेल. तोच धातू तापवून मऊ केला की अंक ३०. भागाकार ९८, प्रत्यक्षात मात्र ५५! गोळी रुतते तसतसा मऊ धातू दबून कठीण होतो आणि आपण मोजतो तो हा नंतरचा कठिणपणा. टेबर यांनी हे सविस्तर मांडले होते. सूत्र उतरवून घेणाऱ्यांनी ते गाळले.