बंब, टाकी आणि दोन नळ

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं, की टोकावड्याच्या आसपास शेतघरं दिसू लागतात. त्यांतल्या एकाच्या न्हाणीमागे जे मांडलंय, त्याचं हे रसग्रहण. खाली तांब्याचा बंब, वर कट्ट्यावर दोनशे लिटरची उभी टाकी आणि दोघांमध्ये दोन नळ. पंप नाही, विजेची तार नाही. तरी जाळ घातल्यावर घटकाभरात वरच्या नळाला हात लावून पाहावा, चटका बसतो.

आधी बंब. बाहेरून मठारलेलं पिंप, मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि खाली राख पडायला जागा. विस्तव पाण्याच्या पोटातच बसतो, त्यामुळे चुलीवरच्या हंड्याभोवती जी धग वाया जाते ती इथे पाण्याला लागते. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब पिढ्यान् पिढ्या घडले. काही बंबांना कडेला नरसाळं असतं, आणि माझ्या मते सगळ्या घडणीत तीच जागा सर्वांत देखणी. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी उतरतं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर ढकललं जातं. जेवढं घालाल तेवढं मिळेल. गरम पाणी वर तरंगतं, गार खाली बसतं, हे तांबटाने पुस्तक न उघडता भांड्यात उतरवलं होतं.

उणीव एकच. बंबाचं पोट लहान, त्यामुळे अंघोळी चालू तोवर जाळ चालू. पौष पौर्णिमेला म्हसा गावाची यात्रा भरते, थंडी अंगात शिरलेली असते, घर पै-पाहुण्यांनी भरलेलं असतं. अशा पहाटे पहिल्याला कढत आणि पाचव्याला कोमट हे ठरलेलंच. टाकी जोडली की ही ओढाताण संपते. रात्री जेवणं होईतो जाळ घालायचा, पहाटे नुसता नळ सोडायचा. टाकीला जाड आवरण मात्र हवं, नाहीतर रात्रभरात सगळी कमाई वाऱ्यावर. आणि दोनशे लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला लाकूड किती? वाळक्या लाकडाची निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरली, तरी साधारण चार किलो. आंब्याच्या छाटणीतल्या काटक्यांवर भागतं. त्यासाठी रानातल्या उभ्या झाडाला हात लावायचं कारण नाही.

आता ते दोन नळ. एक बंबाच्या डोक्यावरून निघून टाकीच्या वरच्या भागात शिरतो; दुसरा टाकीच्या तळाशी सुरू होऊन बंबाच्या तळाशी येतो. पहिल्यातून गरम पाणी वर चढतं, दुसऱ्यातून गार, जड पाणी खाली उतरतं. 30 अंशांचं एक घनमीटर पाणी 996 किलो भरतं, 70 अंशांचं 978. फरक 18 किलोंचा. म्हणजे एक मीटर उंचीमागे ढकलणारा जोर जेमतेम 18 मिलिमीटर पाण्याएवढा, करंगळीच्या पेराहूनही कमी. एवढ्याशा जोरावर सगळं फिरतं. शेजारच्या शहापुरातून 1892 पासून तानसाचं पाणी उताराच्या जोरावर मुंबई गाठतंय. तिथे वजन पाण्याला खाली नेतं, इथे वजनातला फरक त्याला वर चढवतो. (त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे सांगितल्याशिवाय तानसाचं नाव घेववत नाही.) फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचं इंजिनही असंच, पंपाविना थंड होत असे. गच्चीवरचे बहुतेक सोलर हीटर आजही याच हिशेबाने चालतात.

जोर इतका थोडा असल्यावर नळ जोडणाऱ्याची खरी परीक्षा उतारात होते. इथे अर्ध्या इंचाचा नळ टाकून पैसे वाचवलेले नाहीत. एक इंची आहे. एल्बो मोजके. गरम नळ बंबापासून टाकीपर्यंत सतत चढता, कुठेही सपाट किंवा कुबड आलेला नाही. कुबड आलं की तिथे हवा साठते, मग प्लंबर म्हणतात, ‘एअर धरला’, आणि खाली बंब उकळत असताना वर टाकी गारच राहते. या भिंतीवरचा नळ जरासा तिरका दिसतो. पाहुण्यांना ते गबाळेपण वाटत असेल, पण तो तिरकेपणा सरळ केला तर सगळं बंद पडेल.

टाकीच्या डोक्यावरून आणखी एक बारीक नळ निघालाय. या टाकीला गार पाणी पुरवणारी दुसरी टाकी आणखी उंचावर आहे; तो नळ तिच्याही वर जातो आणि काठीच्या मुठीसारखा वळून तिच्यातच उघडा सोडलाय. हा व्हेंट. दोनशे लिटर पाणी 20 अंशांवरून 80 वर गेलं की पाच लिटरांहून जास्त फुगतं. ते गार पाणी आणणाऱ्या नळातून त्या वरच्या टाकीकडे मागे सरकतं. वाफ झालीच तर ती व्हेंटने निसटते. लाकडाचा जाळ गीझरसारखा बटण दाबून बंद होत नाही, म्हणून हा रस्ता कायम मोकळा हवा. त्याच्यावर व्हॉल्व्ह न बसवण्याची अक्कल ज्याला सुचली, त्याला मी कारागीर म्हणेन.

एक दोष मात्र खटकतो. तांब्याच्या बंबाला थेट जस्ताचा मुलामा दिलेले जीआय नळ जोडलेत. तांब्याला लागून आलेलं पाणी पुढे त्या नळाला आतून कुरतडतं. तांब्याचेच नळ टाकले असते तर खर्च वाढला असता, आयुष्यही वाढलं असतं. बोअरचं पाणी असेल तर क्षारही धरणार. नळ खोलता यावा म्हणून दोन्ही टोकांना युनियन लागतात, आणि त्या इथे आहेत.

असं काही घरी करायचं मनात असेल, तर दोन गोष्टी पाळा. बंबात पाणी असल्याशिवाय विस्तव टाकू नका, सांध्यांचा डाख सुटतो. आणि पहिला जाळ घालण्याआधी शिडी लावून वर चढा आणि व्हेंटचं तोंड उघडं आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.