पाठ झालेले स्पूलिंग

संगणक-परिचयाच्या काही पुस्तकांत ‘स्पूल’ शब्दातील इंग्रजी आद्याक्षरे फोडून दिली, की धडा संपतो. मुख्य तत्त्व निसटते: संगणक वेगवान, प्रिंटर संथ, म्हणून मजकूर आधी डिस्कवर साठवून रांगेने छापायचा. १९६० च्या दशकात नासाच्या ह्यूस्टन केंद्रातील ‘हास्प’ प्रणाली हेच करी. समजा, हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शाळेत वीज गेली. यूपीएसवर संगणक चालू राहिला, प्रिंटर थांबला. गुरुजींनी प्रश्नपत्रिका छापण्याची आज्ञा पाचदा दिली, तर वीज आल्यावर रिकाम्या खोलीतही पाच प्रती निघू शकतात. प्रिंटर बंद केल्याने रांग पुसली जात नाही. ती संगणकावरच रद्द करावी लागते. पुस्तकाने हे सांगायला हवे. तोवर वर्गात प्रिंटर बंद ठेवून एक पान छापायला द्या आणि मुलांना रांग दाखवा.