दादा आणि दाश

कोकणात 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. आमच्या हेदवीसारख्या गावांतून तो मुंबईला गिरणीत गेला, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहिला आणि त्याच्या मनीऑर्डरीवर मागे चूल पेटत राहिली. परळ-लालबागेत मात्र त्याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला : तालीम चालवणारा, नाक्यावर दरारा असलेला, अडल्यानडल्याला धावून जाणारा आणि प्रसंगी डोकी फोडणारा माणूस. या दुसऱ्या दादाचे मन आपल्या साहित्याने नीट वाचले आहे काय?

हा प्रश्न मला सुचला तो एका फारसी कथेमुळे. सादिक हेदायतची 'दाश आकुल' ही कथा 1932 सालच्या संग्रहातली. 'दाश' हे 'दादाश'चे, म्हणजे भावाचे, बोलीतले रूप. शब्दांचे हे साम्य योगायोगाचेही असेल, माणसांचे नाही. शिराझचा हा लूती जवांमर्दीचे व्रत पाळणारा आहे : दुबळ्याला हात लावायचा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही. हाजी समद मरताना आपले घरदार त्याच्यावर सोपवतो. हाजीच्या मुलीवर, मर्जानवर, त्याचा जीव जडतो. पण ठेवीची राखण करणाऱ्याने ठेवीला हात लावायचा नसतो. सात वर्षे तो ते घर सांभाळतो, मर्जानचे लग्न दुसऱ्याशी लावून देतो आणि त्याच रात्री काका रुस्तुमच्या दगाबाज वाराला बळी पडतो.

कथा थोर आहे. तथापि हेदायतने स्वतःसाठी एक सोय करून ठेवली आहे. दाश आकुलला बापाची इस्टेट आहे. त्याच्या मनगटाला कोणी पगार देत नाही, म्हणून ते मनगट स्वच्छ राहते. इतिहास एवढा उदार नव्हता. 1953 च्या ऑगस्टात मोसादेकचे सरकार उलथवताना तेहरानच्या तालमींतले बलदंड रस्त्यावर उतरले, आणि त्यामागे पैसा होता. त्यांच्यातलाच तय्यब हाज रझाई तेव्हा शहाच्या बाजूने होता. 1963 च्या उठावानंतर त्याच शहाच्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या. मुंबईतही 1920 ते 1940 च्या दरम्यानच्या गिरणीसंपांत दादा संपवाल्यांकडे होते, तसेच संप फोडणाऱ्यांकडेही होते.

आता मराठीकडे वळू. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (1965) अत्र्यांनी अश्लीलतेचे आसूड ओढले, आणि त्या गदारोळात मुख्य गोष्ट नजरेआड झाली : पाध्यांनी नाक्यावरच्या टोळक्याच्या अंगावरून जवांमर्दीची झूल काढून टाकली होती. उरला तो रिकामा वेळ आणि रिकामा खिसा. जयंत पवारांचे 'अधांतर' (1997) याच्या पुढचे पाऊल टाकते. 1982 च्या संपाने मोडलेल्या घरातला नरू गुंडगिरीकडे वळतो, तेव्हा नाटककार त्याला ना नायक करतो, ना राक्षस. ज्या घरात भावाने कमवून आणायचे, तिथे कमाईचा हाच रस्ता उघडा राहिला, एवढेच तो दाखवतो. दादा या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एका छपराखाली येतात. म्हणून मी 'अधांतर'ला या विषयापुरते हेदायतच्या कथेपेक्षाही खरे मानतो.

पण एक उणीव राहतेच. ठेव राखणारा दादा, शब्दासाठी स्वतः झिजणारा दादा, चाळींत नव्हता असे कोण म्हणेल? त्याला मराठीत अजून लेखक भेटायचा आहे. ज्या कोणाला तो भेटेल, त्याने त्याच्या छातीचे माप घेण्याआधी त्याच्या घरचे भाडे कोण भरतो, हे विचारावे. इथूनच त्याची शोकांतिका सुरू होईल.