गारिंचा : एका दंतकथेविषयी

खेळाडूंच्या कारकिर्दीवर लिहिणारी मंडळी बहुधा गुणगानाचा किंवा हळहळीचा मार्ग धरतात. ब्राझीलच्या गारिंचाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग एकत्र येतात आणि त्याचा खेळ नीट पाहण्याचे तेवढे राहून जाते, असे आमचे मत आहे.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचे खरे नाव. जन्म १९३३ सालचा, रिओ द जानेरोपासून जवळच असलेल्या पाऊ ग्रांदे या कापडगिरणीच्या गावातला. एक पाय आत वळलेला, दुसरा बाहेर. गारिंचा हे एका इवल्या पक्ष्याचे नाव. ते त्याला लहानपणीच चिकटले. त्यातूनच पुढे रानातल्या भाबड्या पाखराची दंतकथा रचली गेली : तो म्हणे विचार करीत नसे, नुसता खेळे.

ही दंतकथा आम्हांस मान्य नाही. त्याची मुख्य चाल एकच होती हे खरे. उजव्या कडेला चेंडू पायाशी थांबवायचा, शरीर डावीकडे झुकवायचे आणि उजवीकडून निसटायचे. बचावपटूला हे ठाऊक असे, प्रेक्षकांनाही ठाऊक असे. तरी तो निसटेच. ख्याल ऐकणाऱ्याला सम कोठे येणार हे माहीत असते, पण गायक तेथे पोहोचताच मान डोलल्यावाचून राहत नाही. त्यातलाच हा प्रकार. मर्म चालीत नव्हते, क्षण निवडण्यात होते, आणि ते बुद्धीचेच काम आहे. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध वावाने केलेले दोन्ही गोल गारिंचाने उजवीकडून आत दिलेल्या चेंडूंवर झाले. १९६२ साली चिलीत दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाले, तेव्हा या 'एका चालीच्या' खेळाडूने इंग्लंडविरुद्ध एक गोल डोक्याने व एक दुरून वळविलेल्या फटक्याने केला. यजमान चिलीविरुद्ध एक डाव्या पायाने, एक डोक्याने. पाखरू इतके शिकत नाही.

दंतकथेने नुकसान केले ते मैदानाबाहेर. ज्याला एकदा लेकरू ठरविले त्याच्याशी चोख व्यवहार करण्याची निकड कोणास वाटावी? गुडघा झिजत असता तो खेळतच राहिला. १९६६ साली हंगेरीविरुद्ध ब्राझील हरला. देशासाठी खेळताना त्याने पाहिलेला तो एकमेव पराभव आणि तोच त्याचा शेवटचा सामना.

त्याचे दोष झाकावेत, असे आम्ही म्हणत नाही. आठ मुलींच्या आईला सोडून तो निघून गेला. १९६९ साली तो चालवीत असलेल्या मोटारीच्या अपघातात त्याची सहचारिणी, गायिका एल्झा सोआरिस, हिची आई दगावली. दारू तर होतीच. परंतु भाबडेपणाची कथा या दोषांनाही गोंडस करून टाकते, हा आमचा दुसरा आक्षेप. त्या आठ मुली त्या कथेत कोठेच नसतात.

१९८० च्या कार्निव्हलमध्ये आजारी गारिंचाला मांगेइरा या सांबा मंडळाच्या रथावर बसविण्यात आले. 'जनतेचा आनंद' म्हणून ज्याला गौरविले, तो त्याच जनतेसमोर जवळजवळ निश्चल बसून होता. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला. अंत्यदर्शनास माराकाना स्टेडियमवर माणसांची रीघ लागली. २०१७ साली बातमी आली, की गावाजवळच्या ज्या दफनभूमीत त्याला पुरले, तेथे त्याचे अवशेष नेमके कोठे आहेत हे कोणालाच सांगता येईना.