एलएल.एम.चा प्रवेश आणि वऱ्हाडातील वकील

विधिविषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, म्हणजे एलएल.एम.च्या, प्रवेशनियमांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा टक्केवारी, राखीव जागा आणि मुदतीच्या तारखा एवढ्यापुरतीच. ह्या नियमांच्या मुळाशी विद्वत्तेची कोणती कल्पना आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत टिपणात तो बुलढाणा जिल्ह्यातील वकिलाच्या बाजूने विचारावयाचा आहे.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी असलेल्या ‘क्लॅट’ परीक्षेस बसण्यास विधीच्या पदवीला सर्वसाधारण उमेदवारास ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास ४५ टक्के गुण लागतात. पुढे १२० वस्तुनिष्ठ प्रश्न, दोन तासांचा अवधी, आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुणाची कपात. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एलएल.एम.साठीची परीक्षाही वस्तुनिष्ठच आहे. तेथे गुण कापले जात नाहीत, एवढाच दिलासा. २०१९ साली मात्र क्लॅटच्या पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत निबंधवजा दोन प्रश्न होते. हा लेखी भाग नंतर गळला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२० च्या नियमांनी एक वर्षाचा एलएल.एम. मोडीत काढून दोन वर्षांचाच ठेवावा असे ठरविले, तेव्हा केवढा गहजब झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा ह्यावर एवढा वाद होतो, पण उमेदवारास चार ओळी लिहिता येतात की नाही हे पाहणेच सोडून दिले गेले, त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आले, तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ साली कायमचा पट्टा झाला, तरीही स्थिती तीच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत; स्वतंत्र आदेशांनी ते आणावे लागत. ह्या प्रांताची जमीन महसूल संहिताही वेगळी. १९२८ च्या त्या संहितेत अग्रक्रयाधिकाराचे एक प्रकरण होते. सर्व्हे नंबरातील एका भोगवटादाराने आपला हिस्सा विकावयास काढला, तर दुसऱ्या भोगवटादारास तो आधी घेण्याचा हक्क. १९६२ साली भाऊराम विरुद्ध बैजनाथ ह्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने रेवा आणि पंजाब येथील कायद्यांबरोबर वऱ्हाडच्या ह्या तरतुदीचाही विचार केला. केवळ शेजारीपणावर आधारलेला अग्रक्रयाधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(च) मधील मालमत्तेच्या स्वातंत्र्याशी विसंगत ठरला. सहहिस्सेदारीवर आधारलेला टिकला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो उपखंडच संविधानातून गेला.

आता ह्यावर दोन प्रकारचे प्रश्न काढता येतील. पहिला: अनुच्छेद १९(१)(च) कोणत्या घटनादुरुस्तीने वगळला? चार पर्याय, एक गुण. दुसरा: ज्या मूलभूत हक्काच्या आधारे शेजाऱ्याचा अग्रक्रयाधिकार रद्द झाला तो हक्कच आज उरलेला नसताना, त्या निर्णयाचे बळ किती उरते? पहिल्याचे उत्तर शिकवणी-वर्गाच्या पुस्तिकेत छापलेले असते. दुसऱ्यासाठी निकालपत्र वाचावे लागते, त्यातला युक्तिवाद कोठे आधारला आहे ते शोधावे लागते, आणि ‘वाजवी निर्बंधा’ची कसोटी अनुच्छेद १४ च्या वाटेने पुन्हा उभी करता येईल काय, ह्याचा विचार करावा लागतो. संशोधनाचा आरंभ ह्या दुसऱ्या प्रश्नापाशी होतो. प्रवेशपरीक्षा मात्र पहिल्यावरच थांबते.

मेहकर किंवा मलकापूर येथील न्यायालयात पाच-दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाची गोष्ट घ्या. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र ही त्याची रोजची कागदपत्रे. वाटणीचा एक दावा चालविताना कायद्यात कोठे फट आहे हे त्यास नेमके दिसलेले असते. परंतु कोणत्या अहवालातील शिफारस कोणत्या वर्षाची, हे त्यास आठवत नाही. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. क्लॅट तर केवळ इंग्रजीत. म्हणजे ज्या भाषेत तो कायदा वापरतो त्या भाषेत त्याची बुद्धी पारखण्याची सोयच नाही. इंग्रजी आलीच पाहिजे, हे मला मान्य आहे. निर्णयांचे मूळ भांडार त्याच भाषेत आहे. पण वाचनाची भाषा आणि विचार मांडण्याची भाषा एकच असली पाहिजे, असा आग्रह कशासाठी?

ह्यात फार मोठे नुकसान नाही, असे कोणी म्हणेल. न्यायाधीशपदासाठी एलएल.एम. लागत नाही, अमरावतीतून विधीची पदवी घेतलेले भूषण गवई २०२५ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. खरे आहे. परंतु विधीच्या अध्यापकास ही पदवी लागतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी हवी. तेव्हा आज ह्या परीक्षेत जो अडतो तो उद्या वर्गात उभा राहत नाही, आणि वऱ्हाडच्या जमीनकायद्याचा इतिहास शिकविणारा माणूस मिळेनासा होतो. बुलढाण्याहून अमरावतीचे विद्यापीठ सुमारे दोनशे किलोमीटर. एवढी पायपीट करावयास तयार असलेला उमेदवार तरी वाया जाऊ नये.

वस्तुनिष्ठ परीक्षेच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा निःपक्षपातीपणाचा आहे. यंत्र ओळखीचा चेहरा पाहत नाही. केवळ मुलाखतीवर प्रवेश दिल्यास काय होते हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तिकडे परत जावे असे मी सुचविणार नाही. वस्तुनिष्ठ भाग चाळणीपुरता ठेवावा. त्यातून आलेल्यांस एका निकालपत्राचा दहा-बारा पानांचा उतारा इंग्रजीतच द्यावा, आणि त्यावर एकच प्रश्न विचारावा; उत्तर मराठीत वा इंग्रजीत, नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेवर. तपासणीस दोन परीक्षक लागतील आणि निकालास महिनाभर उशीर होईल. एलएल.एम.च्या जागा मुळात थोड्या असल्याने हा भार पेलवणारा आहे.